खलीलचाचांची शून्यं

माझ्या दुकानात दोन तऱ्हेची माणसं येतात. एक घाई असलेली आणि दुसरी ओटीपी न आलेली. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत बारा वर्षं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवल्यावर हे मी छातीठोकपणे सांगू शकते. पहिली काउंटरवर बोटं वाजवत उभी असतात, दुसरी मोबाइल उंच धरून गल्लीभर रेंज शोधत हिंडतात. खलीलचाचा या दोन्हींत बसत नव्हते. ते पहिल्यांदा आले तेव्हा दुकानात सहा जण होते. चाचा खाली पायरीपाशी थांबून राहिले आणि सगळे पांगल्यावर आत येऊन म्हणाले, "ताई, तुमचं काम झालं असंल तर माझं सांगू का?"

बारा वर्षांत माझंही काही काम असू शकतं, असा संशय आलेलं ते पहिलं गिऱ्हाईक.

त्यांना क्रेडिट रिपोर्ट काढायचा होता. आपण कुठून कर्ज घेतलं, हप्ते कधी भरले, कधी चुकवले, हे बँका काही कंपन्यांना कळवत असतात. त्या कंपन्या त्याचा रिपोर्ट बनवतात आणि वर तीनशे ते नऊशेच्या मधला एक आकडा ठेवतात, तो स्कोअर. अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. हे मी सांगायला तोंड उघडलं, तर चाचांनी हात वर केला. त्यांना हे सगळं माहीत होतं. फक्त संगणक येत नव्हता.

पॅनकार्ड, आधार, सगळं प्लास्टिकच्या पाकिटात. नाव शेख खलील शेख हबीब. जन्मतारीख विचारली तर म्हणाले, "एक जून."

"खरी?" मी हसत विचारलं.

"मास्तरची खरी. माझी खुदा को मालूम."

आमच्या मराठवाड्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोराला शाळेत घालायला आणलं आणि बापाला तारीख सांगता आली नाही की मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. त्या हिशेबानं निम्म्या जिल्ह्याचा वाढदिवस एकाच दिवशी येतो.

ओटीपी आला, रिपोर्ट उघडला. स्कोअर सातशे ऐंशीच्या वर होता. "वा चाचा, बँका मागं लागतील तुमच्या!" मी म्हटलं. चाचांनी त्या आकड्याकडे पाहिलंही नाही.

"नंबर राहू द्या ताई. शेवटच्या पानावरून वर चला."

त्यांनी खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढली, तिला रुमाल गुंडाळला आणि माझ्या स्क्रीनवर ओळीखाली धरली. मी ओरडणार होते, पण त्या हाताला इतकी सवय होती की चरा पडेल असं वाटेना. पट्टी एकेक ओळ वर सरकत गेली आणि एका खात्यापाशी थांबली. शैक्षणिक कर्ज, संयुक्त. त्याखाली महिन्यामहिन्याचे चौकोन. हप्ता वेळेवर भरला की त्या चौकोनात शून्यं येतात, उशीर झाला तर उशिराचे दिवस येतात. इथं सगळी शून्यं होती. चाचा ओठातल्या ओठात वाचत होते, "मे, शून्य. एप्रिल, शून्य. मार्च, शून्य..." शेवटपर्यंत वाचून त्यांनी पट्टी खिशात ठेवली.

"प्रिंट?"

"नको. झालं."

पैसे देऊन ते गेले. बरोबर तीन महिन्यांनी परत आले. दुसऱ्या कंपनीचा रिपोर्ट, तीच पट्टी, तीच शून्यं. चार कंपन्या, वर्षाचे चार भाग. फुकटाचा असा चोख उपयोग करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला ते जरा चिक्कू वाटले.

चाचा चितेगावच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटीला होते. तयार झालेला माल तपासायचा, पास करायचा किंवा लाल खडूनं फुली मारायची. रिटायर झाल्यावर खडू सुटला होता, नजर सुटली नव्हती. माझ्या दुकानाच्या पाटीतली वेलांटी चुकलेली त्यांनीच दाखवली. माझ्या मशीनमधून निघालेली झेरॉक्स अर्धा सूत तिरकी येते, हेही त्यांनीच सांगितलं आणि स्वतः खाली बसून ट्रे सरळ केला. हळूहळू ते शनिवारी येऊन बाकावर बसायला लागले. माझा चहा घ्यायचे नाहीत, स्वतःची पाण्याची बाटली आणायचे. कामाचे पैसे मी देऊ केले तर रागवायचे. त्यांना हवे असायचे फक्त माझे वाया गेलेले पाठकोरे कागद. ते कागद सुई-दोऱ्यानं शिवून ते छोट्या वह्या करायचे. त्या वह्यांत काय लिहायचे हे मला कळलं नाही. बऱ्याचशा वह्या त्यांनी माझ्याच गिऱ्हाइकांना वाटल्या.

क्रेडिट रिपोर्ट काढायला कुणी आलं की चाचा बाकावरून उठायचे. "नंबर म्हणजे मार्क," ते सांगायचे. "मार्क नका बघू, पेपर बघा. कुठं चुकलं ते पेपरमध्येच सापडतं." कुणी घाबरत म्हणायचं, की आपला स्कोअर आपणच पाहिला तर कमी होतो म्हणे. चाचा विचारायचे, "आरशात बघून कुणाचं नाक झिजलंय का आजवर? तुम्ही बघा की खुशाल. दहा ठिकाणी कर्ज मागत हिंडलात तर मात्र झिजतो."

एकदा एक खानावळवाला मोठ्या तोऱ्यात आला. कार्डाचं जुनं देणं होतं, कंपनीनं निम्म्यावर तडजोड केली होती आणि रिपोर्टात 'सेटल्ड' आलं होतं. "सेटल झालं ना? मग मला घरासाठी लोन का देईनात?" तो माझ्यावरच डाफरत होता. चाचांनी पट्टी त्या शब्दाखाली ठेवली.

"भाऊ, क्लोज्ड लिहिलं असतं तर सगळं फिटलं. सेटल्ड म्हणजे भांडण मिटलं, पण समोरच्याच्या मनात राहिलं."

"मग आता?"

"उरलेलं नेऊन भरा. त्यांच्याकडून लेखी घ्या. मग क्लोज्ड लिहितील."

"एवढे पैसे फुकट घालू?"

"मनातून काढायचं तर फुकटात निघत नाय," चाचा म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले. खानावळवाला त्यांना बरंच काही बोलून गेला. चार महिन्यांनी मात्र पेढ्यांचा पुडा घेऊन तोच आला.

आणि अन्वरची गोष्ट तर आमच्या गल्लीत अजून सांगतात. अन्वर शेख रिक्षा चालवतो. नवीन रिक्षासाठी कर्ज मागितलं तर नकार आला, म्हणून रिपोर्ट काढला. त्यात ट्रॅक्टरचं कर्ज निघालं, तेही अकरा महिने थकलेलं.

"चाचा, ट्रॅक्टर?" अन्वर रडकुंडीला आला. "मला तर बैल बी हाकता येत नाय!"

चाचांची पट्टी पत्त्यांवर गेली. जिथून जिथून कर्ज घेतलं, तिथं तिथं लिहून दिलेले पत्ते रिपोर्टात येतात. अन्वरच्या नावावर दोन होते, एक गुलमंडीजवळचा आणि दुसरा करमाडचा. दुसऱ्या दिवशी चाचा त्याला एसटीत घालून करमाडला घेऊन गेले. पुढचं मला दोघांकडून इतक्या वेळा ऐकायला मिळालं, की मी तिथं होते असंच वाटतं. चहाच्या टपरीवर विचारलं, अन्वर शेख कुठं राहतो, तर टपरीवाला म्हणाला, "कोणता? इथं तिघं हैत." दोन घरं फिरून तिसऱ्या घरी पोचले, तर तो अन्वर यांना वसुलीवाले समजून मागच्या दारानं पसार. चाचा परसात उभे राहून ओरडले, "अरे थांब, तुझ्याच नावाचा माणूस दाखवायला आणलाय!"

हा वीटभट्टीवर माती वाहणारा अन्वर. दोघांनी आधारकार्डं शेजारी ठेवली. नाव तेच, बापाचं नाव तेच, आणि जन्मतारीख एक जून, साल तेच. कर्ज देणाऱ्या कुण्या कारकुनानं पॅनचा नंबर नीट न बघता नाव आणि तारीख जुळवली आणि एकाचा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या गळ्यात घातला. आम्ही ऑनलाइन तक्रार टाकली, दोघांची कागदपत्रं जोडली. महिन्याच्या आत ट्रॅक्टर रिक्षावाल्याच्या रिपोर्टातून निघाला. भट्टीवाल्याला बिचाऱ्याला त्याचा ट्रॅक्टर परत मिळाला, थकबाकीसकट.

पुढच्या एक जूनला दोघे अन्वर पेढे घेऊन दुकानात हजर. तिसरे एक जूनवाले चाचा. तिघांनी एकमेकांना पेढे भरवले, मी फोटो काढला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. ते दोघं गेल्यावर चाचा पेढ्याच्या कागदाची घडी घालत म्हणाले, "माझ्या वसीमची तारीख मात्र खरी आहे. दवाखान्यात उभं राहून मी स्वतः लिहून घेतली. वेळ बी लिहायला लावली."

ओळख होऊन दोन वर्षं झाली होती. मुलाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी सहज, थट्टेनंच म्हटलं, "म्हणजे ते शैक्षणिक कर्ज वसीमचं का? वेळच्या वेळी भरतो की पोरगा. मग दर तीन महिन्यांनी पट्टी घेऊन काय तपासता एवढं?"

चाचांनी कागदाला आणखी एक घडी घातली. "तो आहे का ते बघतो," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. वसीम बेंगळुरूला शिकत होता. कर्ज त्याच्या नावावर आणि सहकर्जदार म्हणून चाचांची सही. शेवटच्या परीक्षेच्या पंधरा दिवस आधी चाची आजारी पडली. साधा ताप वाटला होता, तो साधा नव्हता. वसीम रोज फोन करायचा, अम्मीला द्या म्हणायचा. चाचा सांगायचे, झोपलीय, बरी आहे, तू पेपर लिही. चाची गेली त्या दिवशी वसीमचा शेवटचा पेपर होता. सकाळी गेली. आमच्यात ठेवत नाहीत ताई, चाचा म्हणाले, दुपारच्या नमाजनंतर मिट्टी दिली. वसीमला फोन केला तो संध्याकाळी पाच वाजता, पेपर सुटल्यावर.

"मला वाटलं, एवढे वर्ष शिकला. एका दिवसासाठी सगळा माल रिजेक्ट नको व्हायला."

वसीम दुसऱ्या दिवशी पोचला. कबरस्तानात जाऊन आला, घरी आला आणि बापाला म्हणाला, "माझी अम्मी तुम्ही मला न विचारता पुरली." तिसऱ्या दिवशी गेला. नंबर बदलला. त्याला सहा वर्षं झाली होती. त्याच्या मित्रांकडून कळलं ते एवढंच, की नोकरी लागली आणि त्यानं अब्बांना काही सांगायचं नाही असं बजावलंय. कर्जाचे हप्ते सुरू झाले तेव्हा चाचांनी भरायची तयारी ठेवली होती. बँकेतून कुणाचाच फोन आला नाही. चौकशीला गेले तर कळलं, हप्ते येतायत.

"मग बँकेतच विचारायचं ना दर महिन्याला," मी म्हटलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"बँकेत गेलं की साहेब विचारतो, मुलगा कुठं असतो, काय करतो, लग्न झालं का. मला काय माहीत? रिपोर्ट काय विचारत नाय."

त्या दिवशी मला माझी लाज वाटली. ज्या माणसाला मी चिक्कू समजत होते, तो वर्षातून चार वेळा पोराची खुशाली वाचायला येत होता. महिन्याच्या चौकोनात शून्य आहे, म्हणजे त्या महिन्यात वसीम जिवंत होता, कामावर होता, खिशात पैसे होते आणि पाच तारखेची आठवण होती. यापलीकडे चाचांना त्याच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. तो जाड झाला की बारीक, चष्मा लागला का, घरी कुणी वाट बघणारं आहे का, काहीही नाही.

त्यानंतरच्या ईदला चाचांनी माझ्यासाठी शीरखुर्मा आणला. स्वतः केलेला, दात किटतील इतका गोड. डबा चांगला तीन-चार माणसांचा होता. "एवढा कशाला?" म्हटलं, तर म्हणाले, "माप तेच बसलंय हाताला. एकट्याचं करायला गेलो की बिघडतं." मी घरी नेऊन दोन दिवस खाल्ला आणि शेजारी कुणालाही दिला नाही.

पुढच्या जानेवारीत रिपोर्ट उघडला आणि पट्टी पहिल्याच चौकोनावर थांबली. शून्यांच्या जागी छप्पन्न होतं. त्याच्या मागच्या महिन्यात पंचवीस. चाचांनी रुमाल काढून स्क्रीन पुसली.

"मशीनची चूक असंल ताई?"

मी दुसऱ्या कंपनीचं पान उघडून बघितलं असतं, पण तिथला फुकटचा रिपोर्ट संपला होता. मी माझ्या खिशातून पैसे भरून तो काढला. तिथंही तेच. दोन हप्ते चुकले होते. पाच वर्षांत पहिल्यांदाच.

"नोकरी गेली असंल," चाचा म्हणाले. मग म्हणाले, "नाय तर आजारी असंल. आजारी असला तर त्याला बघायला कोण आहे?"

दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले आणि पहिल्यांदा स्वतःहून साहेबासमोर बसले. वसीमचा नंबर मागितला. देता येत नाही म्हणाले. पत्ता मागितला. तोही देता येत नाही. तुम्ही सहकर्जदार आहात, थकलेले हप्ते तुम्ही भरू शकता, एवढं मात्र सांगितलं. चाचांनी दोन्ही हप्ते रोख भरले आणि पावती मला दाखवायला घेऊन आले. पैसे भरणाऱ्याचं नाव लिहायच्या जागी त्यांनी वसीमचं नाव लिहिलं होतं.

"हे काय चाचा?"

"त्यानंच भरले असं वाटू द्या. उशिराचे आकडे वाढले तर पुढं त्याला घर घ्यायला त्रास होईल."

मग तीन महिने वाट बघायची होती. मी म्हटलं, लवकर काढू, मोबाइलच्या ॲपवर दर महिन्याला फुकट दिसतं. चाचांना ॲप नको होतं. ते रोज कर्ज घ्या म्हणून मागं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पण मला वाटतं, त्यांना भीती वाटत होती. तीन महिने ते बाकावर बसले तरी कुणाच्या रिपोर्टासाठी उठले नाहीत. गिऱ्हाइकांना मीच समजावून सांगायची. माझं चुकलं तरी ते दुरुस्त करायचे नाहीत.

एप्रिलमध्ये रिपोर्ट काढला. फेब्रुवारी, शून्य. मार्च, शून्य. चाचांनी ते दोन चौकोन दोन वेळा वाचले आणि उठून गेले. अर्ध्या तासानं नानकटाईचं खोकं घेऊन आले. गल्लीतल्या प्रत्येक दुकानात स्वतः जाऊन वाटली. कशाबद्दल असं लोक विचारायचे, तर म्हणायचे, "तब्येत सुधारली." कुणाची ते सांगायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडचा चहाही घेतला.

जुलैत मात्र मी चूक केली, आणि ती मला अजून टोचते. रिपोर्ट उघडला, चाचा रुमाल काढत होते, तेवढ्यात माझी नजर त्या खात्यावर गेली आणि मी आनंदानं ओरडले, "चाचा, अभिनंदन! क्लोज्ड! सगळं कर्ज फिटलं! चार वर्षं आधी फेडलं पोरानं!"

हे वाक्य मी रोज पन्नास जणांना म्हणते. लोक हे ऐकून हात जोडतात.

चाचांनी पट्टी ठेवली. एप्रिल, शून्य. मे, शून्य. त्याच्या पुढं चौकोनच नव्हता. खाली खातं बंद झाल्याची तारीख होती आणि शिल्लक कर्जाच्या रकान्यात शून्य होतं. त्यांनी पट्टी त्या रिकाम्या जागेखाली सरकवली. मग मला समजलं मी काय बोलले ते.

"चाचा, पगार वाढला असेल. बोनस मिळाला असेल."

"हौ. असंल." ते म्हणाले. "नाय तर त्यानं खात्याचा उतारा काढला असंल. रोख भरणा, आणि शाखा इथली. इथं त्याचं दुसरं कोण आहे?" त्यांनी पट्टी खिशात ठेवली. "नाव त्याचं लिहिलं मी. शाखेचं नाव कसं बदलणार होतो?"

मी खूप समजावलं. चाचा, तुमच्या मदतीचा त्याला राग आलाच असेल कशावरून, कर्ज लवकर फेडणं चांगलंच असतं, तुम्हीच लोकांना सांगता. ते मान हलवत राहिले. शेवटी फक्त एक विचारलं, बंद खात्याची ओळ रिपोर्टात राहते का? मी सांगितलं, राहते, काही वर्षं राहते. "मग ठीक," म्हणाले. पण ती ओळ आता पुढं सरकणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. ऑक्टोबरमध्ये ते रिपोर्ट काढायला आले नाहीत. बाकावर यायचे तेही कमी झालं. मी हाक मारली तर दारातूनच हात करायचे.

दिवाळीनंतर एकदा आले ते आधारकार्डावरचा पत्ता बदलायला. घरमालकाला जागा पाडून फ्लॅट बांधायचे होते. चाचांना भाड्याची दुसरी खोली कुणी देईना. एकटा म्हातारा माणूस, उद्या काही झालं तर कुणाला कळवायचं, असं लोक तोंडावर विचारत. अंबडला त्यांची बहीण होती, तिनं बोलावलं होतं. मी अंबडचा पत्ता टाकला. त्यांनी स्क्रीनवर पट्टी ठेवून तो अक्षर न् अक्षर तपासला. पिनकोड तीनदा वाचायला लावला.

पंधरा दिवसांनी, दुपारी, ते दुकानात आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर मिक्सरचा नवाकोरा खोका होता. अंबडची एसटी गाठायची होती, निरोप घ्यायला आले होते. मला बरं वाटलं. म्हटलं, "बहिणीला भेट का? छान केलंत."

"तिच्याकडे आहे मिक्सर," चाचा म्हणाले. "हप्त्यावर घेतला."

गरज नसताना हप्त्यावर वस्तू घेणाऱ्या माणसांची या बाकावर बसून त्यांनी किती खरडपट्टी काढली होती. एकाला तर टीव्ही परत करायला लावला होता.

"कशासाठी चाचा?"

"रिपोर्टात माझा पत्ता जुनाच आहे ताई. ते घर तर पाडणार. नवीन पत्ता कर्ज घेतल्याशिवाय तिथं येत नाय. आता सहा महिन्यांचे हप्ते आहेत. अंबडचा पत्ता चढेल."

मला बोलायचं नव्हतं, पण बोलले. बोलल्याशिवाय राहवलं नाही. "चाचा, वसीमला तुमचा रिपोर्ट दिसत नाही. ज्याचा त्याला दिसतो. आता तर तुमचं दोघांचं एकही खातं सामाईक राहिलं नाही. तुम्हाला माहीत आहे हे."

"माहीत आहे की. मीच सांगतो लोकांना." त्यांनी खोका दुसऱ्या खांद्यावर घेतला. "तो बघंल असं कुठं म्हणलं मी? बाप कुठं राहतो, ते कुठंतरी बरोबर लिहिलेलं पायजे. बस."

मी रिक्षा बोलावते म्हटलं. नको म्हणाले. पाठकोऱ्या कागदांच्या चार वह्या काउंटरवर ठेवल्या, "खुदा हाफिज ताई" म्हणाले आणि पायरी उतरले. मी दारात येऊन उभी राहिले. लग्नसराईची गर्दी होती, कपड्यांची दुकानं भरलेली. चाचा उंचीनं कमीच, ते चार पावलांत दिसेनासे झाले. खोका मात्र माणसांच्या डोक्यांवरून कोपऱ्यापर्यंत जाताना दिसत होता.